पायात रॉड आहे, सर

माझ्या उजव्या मांडीत टायटॅनियमचा रॉड आहे. हाडाच्या पोकळीत वरपासून खालपर्यंत, आणि तो आतल्या आत फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना स्क्रू. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, गव्हाण फाट्याजवळ वळणाऱ्या एका कंटेनरने बाइकला घासलं, त्याची ही आठवण. आमच्याकडे यात नवल काही नाही. न्हावा-शेवा बंदराच्या रस्त्याला लागून ज्यांची गावं आहेत, तिथे प्रत्येक आळीत एखादा रॉडवाला, एखादा प्लेटवाला सापडतोच. गणपतीत नाचताना कोण कुठल्या पायावर भार टाकतो यावरून ओळखता येतं.

नोकरी लागेपर्यंत हा रॉड माझा खासगी मामला होता. थंडीत ठणकायचा, एवढंच. मग कंपनीने बंगळुरूला पाठवायला सुरुवात केली आणि वर्षाला दहा-बारा वेळा हा रॉड सार्वजनिक होऊ लागला. बूट ट्रेमध्ये, पट्टा ट्रेमध्ये, लॅपटॉप वेगळा, खिसे रिकामे, दोन्ही हात किंचित लांब धरून त्या चौकटीतून चालायचं, आणि बीप. मागच्या माणसाचा सुस्कारा. समोरच्या जवानाची भुवई. मग ते वाक्य, जे मी आता झोपेतही म्हणू शकेन: "पायात रॉड आहे, सर."

हा लेख त्या बीपच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. बीप बरोबर आहे. बीपनंतर जे होतं, त्याच्याशी माझं भांडण आहे.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण बहुतेकांना वाटतं की ती चौकट म्हणजे एक्स-रे आहे आणि पलीकडच्या माणसाला आपल्या आतलं सगळं दिसतंय. तसं काही नाही. चौकटीच्या दोन्ही खांबांत तारेची वेटोळी असतात. त्यांतून विजेचे स्पंद सोडले जातात, त्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रातून धातू गेला की धातूच्या अंगात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरायला लागतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र असतं, आणि चौकट ते पकडते. बस्स. तो धातू चाकू आहे, चावी आहे की मांडीचं हाड सांधणारा रॉड, हे तिला कळत नाही. ठरावीक पातळीच्या वर काहीतरी आहे, आणि साधारण कुठल्या उंचीवर, एवढंच ती सांगते.

टायटॅनियमच्या ज्या मिश्रधातूचे रॉड बनतात तो विजेचा अगदीच सुमार वाहक. तांब्याच्या तुलनेत एक टक्क्याच्या आसपास. त्यामुळे लहान स्क्रू, दातातले इम्प्लांट, मनगटातली छोटी प्लेट सहसा गुपचूप निघून जातात. पण तुकडा मोठा झाला की वाहकता कमी असली तरी आकार भरपाई करतो. गुडघ्याचा आणि खुब्याचा सांधा बदलला असेल, तर तिथे कोबाल्ट-क्रोमियमचा चांगला मुठीत मावेल एवढा ऐवज असतो. तो वाजण्याची शक्यता बरीच. माझा रॉड या दोन्हींच्या मधला. चौकटीची संवेदनशीलता किती ठेवली आहे यावर तो वाजणार की नाही हे ठरतं. एका विमानतळावर जाताना वाजतो, दुसऱ्यावरून येताना वाजत नाही. माझ्या धंद्यात याला फ्लेकी टेस्ट म्हणतात: कोड तोच, निकाल दर वेळी वेगळा. अशी टेस्ट असली की शहाणी टीम काय करते? ती निकाल संशयास्पद आल्यावर पुढची पायरी काय, हे लिहून ठेवते. कुणाच्या तरी मूडवर सोडत नाही.

विमानतळावर ही पुढची पायरी, मी तरी जे अनुभवलं त्यावरून, मूडवर सोडलेली आहे.

आता आईची गोष्ट सांगतो.

आईचे दोन्ही गुडघे बदलून दोन वर्षं झाली. भातशेतीत चिखलणी-लावणी करत आणि नंतर चार माळ्यांच्या जिन्यांवर पाणी चढवत झिजलेले गुडघे. ऑपरेशन परवडलं याला एक कारण होतं: २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. जो कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा गुडघा दीड लाखाच्या घरात विकला जात होता, त्याला ५४,७२० रुपये अधिक कर अशी कमाल किंमत ठरली. त्यानंतर आमच्या ओळखीतल्या कितीतरी बायकांनी हिंमत केली. म्हणजे बघा, एकीकडे सरकारनेच हा धातू सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला. चांगलं केलं. याचा सरळ अर्थ असा की आता गुडघ्यात धातू असलेल्या साठीच्या बायका देशात भरपूर असणार, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी मुलांकडे-मुलींकडे विमानाने जाणार. हे समजायला गणिताची पदवी लागत नाही.

ताई हैदराबादला असते. तिच्याकडे जायला आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. जाताना चौकट वाजली. आतल्या ताईने हातातलं यंत्र गुडघ्यांवरून फिरवलं, ती म्हणाली, "ऑपरेशन हुआ है क्या, मौसी?", आईने मान हलवली, झालं. एक मिनिट. आई विमानात खिडकीला नाक लावून बसली आणि खाडी कुठे दिसते ते शोधत राहिली.

परतीच्या प्रवासात, दुसऱ्या शहरातल्या विमानतळावर (नाव घेत नाही, कारण नावाने प्रश्न त्या एका इमारतीपुरता होतो, आणि तो तेवढा नाही) पुन्हा चौकट वाजली. बायकांची तपासणी पडद्याच्या केबिनमध्ये होते, हे तुम्हाला माहीत आहे. आई आत गेली. मी पुरुषांच्या रांगेतून माझा स्वतःचा बीप निस्तरून बाहेर आलो, ट्रे उचलले, तिच्या चपला घेऊन उभा राहिलो. पाच मिनिटं, सात मिनिटं. आतून आवाज येत होता. "अंदर क्या है?" आई म्हणत होती, "गुडघा." पुन्हा, "क्या है?" पुन्हा, "गुडघा." आईला हिंदी कळतं, पण घाबरली की तिच्या तोंडून आगरीच येतं, आणि घुटना हा शब्द तिला त्या क्षणी काही केल्या सुचेना. मी बाहेरून ओरडून सांगितलं. मला "आप पीछे रहिए" असं सांगण्यात आलं. नियमाने बरोबरच होतं, मी पुरुष.

ती बाहेर आली तेव्हा निऱ्या हातात धरलेल्या होत्या. तिला साडी मांडीपर्यंत वर करून दोन्ही गुडघ्यांवरचे व्रण दाखवायला लावले होते. मध्ये पडदा सारून दुसरी प्रवासी आत आली, तेव्हाही साडी तशीच वर होती. आईने चपला घातल्या. बराच वेळ काही बोलली नाही. मग गेटवर बसल्यावर म्हणाली, "बाला, मना चोर समजली का ती?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा, सगळ्यांनाच करतात असं, असं काहीतरी म्हणालो. खोटं होतं. सगळ्यांना करत नाहीत.

आता शांतपणे, इंजिनिअर म्हणून विचारतो: तो व्रण पाहून काय सिद्ध झालं?

व्रण हा पुरावा आहे कशाचा? कधीतरी इथे ऑपरेशन झालं होतं, याचा. त्या गुडघ्याच्या मागे, साडीच्या घडीत किंवा अजून कुठे काही लपवलेलं नाही, याचा तो पुरावा नाही. ज्याला काही न्यायचंच आहे त्याच्या पायावरही व्रण असू शकतो. उलट, ज्या गोष्टीने खरी खात्री पटते ती आधीच झाली होती. हातातल्या यंत्राने दाखवलं की धातू बरोबर दोन सांध्यांच्या जागी आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही. हाताने चाचपून कळलं असतं की कपड्यांत काही बांधलेलं नाही. स्फोटकांचा संशय असेल तर कपड्याचा बोळा हाताला-कपड्याला घासून यंत्रात घालतात आणि कण सापडतात का ते बघतात, ती सोय आहे. या तीन गोष्टी केल्या की सुरक्षेचं काम संपलं. साडी वर करायला लावणं हे त्या कामात कुठेच बसत नाही. त्याने विमान एका मिलिमीटरनेही जास्त सुरक्षित होत नाही. फक्त तपासणाऱ्याच्या मनाला समाधान मिळतं, की मी डोळ्यांनी पाहिलं.

माझ्या फोनमध्ये माझ्या मांडीचा एक्स-रे आहे. दर वेळी जवान तो बघतो, "अरे बाप रे" म्हणतो, आणि जाऊ देतो. तो एक्स-रे कुणाचाही असू शकतो. त्यावर नाव आहे, पण ते कुणी झूम करून वाचलेलं मला आठवत नाही. मी गुगलवरून उतरवलेला दाखवला तरी चालेल. म्हणजे माझ्या बाबतीत पुरावा ढिला आणि आईच्या बाबतीत अपमान कडक, आणि दोन्ही तितकेच निरुपयोगी. मला इंग्रजीमिश्रित हिंदी येतं, माझ्या पाठीवर कंपनीची बॅग असते. आईकडे पदर होता आणि "गुडघा" हा शब्द होता.

हे फक्त आमच्या घरातलं रडगाणं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधा चंद्रन यांनी इन्स्टाग्रामवर एक व्हिडिओ टाकला होता. तुमच्यातल्या काहींना त्या 'कहीं किसी रोज़'मधली रमोला सिकंद म्हणून मीम्समुळे माहीत असतील. १९८१ साली तमिळनाडूतल्या बस अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला, त्यांनी जयपूर फूट लावला, पुन्हा भरतनाट्यम उभं केलं, आणि १९८६ चा 'नाचे मयूरी' हा त्यांच्याच आयुष्यावरचा सिनेमा त्यांनी स्वतः केला. या बाईंना विमानतळावर दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवायला सांगतात, अशी त्यांची तक्रार होती. देशभर चर्चा झाली. दुसऱ्याच दिवशी सीआयएसएफने जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि म्हटलं की नियमानुसार कृत्रिम अवयव फक्त अपवादात्मक परिस्थितीतच काढायला सांगायचा असतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की माणसाची प्रतिष्ठा जपायची तर कृत्रिम अवयव किंवा कॅलिपर काढायला लावू नये. ते प्रकरण जिजा घोष यांच्या लढ्यातून पुढे आलेलं. २०१२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या या बाईंना विमानातून उतरवलं होतं, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दहा लाखांची भरपाई द्यायला लावली होती.

म्हणजे नियम होता. दिलगिरी आली. न्यायालय बोललं. आणि तरीही माझ्या आईची साडी वर गेली. मधल्या काळात काय चुकलं?

माझ्या मते एक गोष्ट मागण्यातच चुकली, आणि इथे मी सुधा चंद्रन यांच्याशी आदरपूर्वक असहमत आहे. त्यांनी पंतप्रधानांना विनंती केली होती की अशा लोकांना ज्येष्ठ नागरिकांसारखं एक कार्ड द्यावं. ऐकायला साधं वाटतं. माझ्या ऑफिसमध्ये ही गोष्ट सांगितली की सगळे हेच म्हणतात: अरे, कार्ड काढून टाका ना. एकाने तर पुढे जाऊन सुचवलं, डिजियात्रामध्येच टाका की, चेहरा ओळखला की स्क्रीनवर येईल, 'उजवी मांडी, टायटॅनियम'.

मला कार्ड नको.

का नको ते सांगतो. पहिलं, सुरक्षेच्या बाजूनेच. असं कोणतंही कार्ड ज्याने तपासणी माफ होते, ते ज्या दिवशी निघेल त्याच्या दुसऱ्या दिवशी बनावट निघेल. आपण जिथे राहतो तिथे सातबाराही बनावट निघतो. आणि सीआयएसएफला हे चांगलं कळतं, म्हणून कार्डाने तपासणी कधीच माफ होणार नाही. अमेरिकेतही नाही. तिथली यंत्रणा इम्प्लांटवाल्यांना माहिती देणारं कार्ड जवळ ठेवू देते, पण साफ सांगते की याने तपासणी टळत नाही. मग कार्डाचा फायदा एवढाच की बोलावं लागत नाही. आई मुकी नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कार्ड आलं की प्रतिष्ठा कार्डाला चिकटते, माणसाला नाही. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याच्याशी नीट वागायचं. ज्याने काढलं नाही, ज्याचं हरवलं, जिला असं कार्ड असतं हेच माहीत नाही, तिची साडी वर. आणि मग कार्ड काढायला पनवेलच्या कुठल्यातरी कार्यालयात खेटे, सिव्हिल सर्जनची सही, झेरॉक्स, दोन फोटो. गुडघे बदललेल्या बाईला ते जिने चढवायचे. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी लोकांचं काय होतं हे ज्याने पाहिलंय तो ही मागणी करणार नाही. आणि डिजियात्रात माझी मांडी? माझा चेहरा त्यांच्याकडे गेला तेवढा पुरे. मी सॉफ्टवेअर लिहितो, डेटाबेस कसे फुटतात ते मला माहीत आहे. माझी हाडं मी तिथे ठेवणार नाही.

मला हवी आहे ती पद्धत. जो कोणी वाजेल, कुठल्याही कारणाने वाजेल, त्याच्याशी पुढची पाच मिनिटं कशी वागायचं याची एकच, लिहिलेली, भिंतीवर लावलेली पद्धत. आधी विचारा. बसायला खुर्ची द्या, गुडघेवाल्याला एका पायावर उभं करू नका. कपडे वर करायला लावू नका, कारण त्याने काही कळत नाही. खासगी जागा हवी असेल तर ती मागता येते हे प्रवाशाला तुम्ही सांगा, त्याने नियम पाठ करून येण्याची वाट बघू नका. दार किंवा पडदा लागला की तिसरं माणूस आत येणार नाही. भाषा कळत नसेल तर सोबतच्या माणसाला बाहेरून बोलू द्या. अमेरिकेच्या विमानतळांवर खासगी तपासणीला सोबतीला आपलं माणूस नेता येतं. इथे निदान बोलता यावं. यात एक रुपयाचं यंत्र लागत नाही. कागद लागतो, प्रशिक्षण लागतं, आणि तो कागद मोडला तर विचारणारं कुणी लागतं.

यंत्राचीच गोष्ट काढली तर तीही रखडलेली आहे. एप्रिल २०१९ मध्ये नागरी उड्डाण सुरक्षा ब्युरोने आदेश काढला होता की देशातल्या ८४ संवेदनशील आणि अतिसंवेदनशील विमानतळांवर वर्षभरात बॉडी स्कॅनर बसवा. धातूची चौकट आणि चाचपणी यांची जागा ते घेणार होते. ती मुदत २०२० मध्ये उलटली. नंतर नव्या तारखा पडल्या, त्याही पुढे सरकल्या. हे स्कॅनर मिलिमीटर लहरी वापरतात. त्या लहरी कपड्यांतून आरपार जातात आणि कातडीवरून परततात. लक्षात घ्या, कातडीच्या आत जात नाहीत. म्हणजे माझा रॉड आणि आईचा गुडघा त्यांना दिसतच नाही. आणि कपड्यांखाली कातडीवर काही बांधलेलं असेल, मग ते प्लास्टिकचं का असेना, तर ते दिसतं, जे धातूच्या चौकटीला कधीच दिसत नाही. आमच्यासारख्यांची सोयही जास्त आणि सुरक्षाही जास्त, अशी क्वचितच मिळणारी जोडी.

यावर लोक म्हणतात, पण त्यात नागडं दिसतं. सुरुवातीला अमेरिकेत तसं होत होतं आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. म्हणूनच २०१३ पर्यंत तिथे सॉफ्टवेअर बदललं आणि ज्या यंत्रांना ते बसेना ती हटवली. आता पडद्यावर सगळ्यांसाठी एकच ठोकळेबाज बाहुली येते आणि संशयाच्या जागी चौकोन येतो. या बाहुलीमागचं काम माझ्यासारख्याच कुणीतरी, लोकांच्या ओरड्यामुळे, बसून केलं असणार. ओरडा केला की सॉफ्टवेअर बदलतं. हा माझा व्यावसायिक अनुभव आहे.

आता ती वाक्यं, जी या लेखाखाली लगेच येतील.

"देशाच्या सुरक्षेसाठी दोन मिनिटं सहन करता येत नाहीत का?" सहन करतो, भाऊ. वर्षाला दहा वेळा करतो. तुम्ही एकदा पट्टा काढायला लागला म्हणून पोस्ट टाकता. १९९९ च्या डिसेंबरमध्ये कंदाहारला विमान गेलं, आणि त्यानंतर विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे आली. ती का आली हे मला माहीत आहे आणि ती असावी असंच मला वाटतं. मी तपासणीला नाही म्हणत नाही. मी म्हणतोय की तपासणी तपासणीसारखी करा. ज्या कृतीने काहीही तपासलं जात नाही ती देशाच्या नावावर खपवू नका.

"जवानांवर किती ताण असतो, माहीत आहे का?" थोडंफार माहीत आहे, आणि त्या केबिनमधल्या मुलीवर माझा राग नाही. ती माझ्याच वयाची असेल. आठ-आठ तास उभी राहून अनोळखी बायकांच्या अंगावरून हात फिरवायचा, काही सुटलं तर नोकरी तिची जाणार, कुणाचा अपमान झाला तर कुणाचीच जाणार नाही. अशा हिशेबात कुणीही माणूस जास्तच तपासेल. मी तिच्या जागी असतो तर मीही व्रण बघितला असता. म्हणूनच पद्धत हवी: तिलाही कळायला हवं की इथपर्यंत केलंस की तुझं काम झालं, तू मोकळी.

"मग ट्रेनने जा." हे मला रांगेत एकदा मागून प्रत्यक्ष ऐकू आलं होतं. याचं उत्तर मी गव्हाणचा माणूस म्हणून देतो.

आमच्या गच्चीवरून आता विमानं उतरताना दिसतात. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा वस्त्या उठल्या, उलव्याची टेकडी सपाट झाली, नदी वळवली गेली. त्याआधी सत्तरच्या दशकात शहरासाठी या पट्ट्यातल्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. २४ जून २०२१ ला आमच्या गावांतली माणसं हजारोंनी सिडको भवनावर गेली, विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून. आईही गेली होती, तेव्हाचे जुने गुडघे घेऊन. ती रस्त्यावर बसली आणि उठताना दोघींनी तिला धरून उभं केलं. नावाचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. पण ज्या विमानतळाच्या कमानीवर काय लिहायचं यासाठी आपण एवढे उतरलो, त्याच्या आत, त्या दुसऱ्या छोट्या चौकटीत आपल्या आयांशी काय होणार, यावर आपल्या एकाही सभेत चकार शब्द निघालेला मी ऐकला नाही. जमीन देणाऱ्या बायकांचे गुडघे त्याच जमिनीत झिजले. त्यांना ट्रेनने जा म्हणणारा कोण?

२५ डिसेंबर २०२५ ला इथून उड्डाणं सुरू झाली. नव्या इमारतीत जुनी सवय रुजायला फार दिवस लागत नाहीत, म्हणून बोलायचं ते आत्ताच. प्रकल्पग्रस्तांच्या संघटनांना माझी विनंती आहे की नोकऱ्या, गाळे, पुनर्वसन या मागण्यांच्या यादीत ही एक ओळ टाका: तपासणीच्या पाच मिनिटांची लेखी पद्धत, मराठीत, केबिनच्या बाहेर लावलेली. आणि तुम्ही जे हे फोनवर वाचताय, तुमच्या घरात कुणाच्या ना कुणाच्या अंगात प्लेट, स्क्रू, गुडघा असेलच. पुढच्या वेळी ते केबिनमध्ये गेले आणि वेळ लागला, तर तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला बोलवा आणि शांतपणे विचारा की कपडे वर करायला लावण्याचा नियम कुठे लिहिला आहे. नंतर तक्रार लेखी द्या, तारीख आणि वेळ घालून. मी त्या दिवशी यातलं काहीच केलं नाही. चपला घेऊन उभा राहिलो.

ताईला आता बाळ होणार आहे. आईला हैदराबादला जायचंय, आणि या खेपेला घराजवळूनच विमान आहे. मला वाटलं होतं ती नको म्हणेल, पण तिने हो म्हटलं. मग गेल्या रविवारी ती मामीला घेऊन पनवेलच्या बाजारात गेली आणि एक पंजाबी ड्रेस घेऊन आली. आयुष्यभर साडी सोडून काही नेसली-घातली नाही ती. मी विचारलं, हे कशाला? ती सलवारीची मोहरी हातात धरून दाखवत होती. म्हणाली, "यो बघ, गुडघ्यापर्यंतच वर जातंय."